गच्चीची दुसरी किल्ली

चिरंजीव, आपल्या सोसायटीच्या नव्या सेक्रेटरीबाईंस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, "काकू, तीन महिन्यांतच वैताग आलाय, राजीनामा देऊ का?" फोनवर बोलायला बसलो असतो तर तू मधे मधे "हो ना, हो ना" म्हणत राहिली असतीस आणि मला सांगायचंय ते राहूनच गेलं असतं. म्हणून लिहायला बसले. दुधाचं पातेलं गॅसवर आहे, मधेच उठले तर समजून घे.

आधी राजीनाम्याचं. तो द्यायचा की नाही, हे तुझं तू ठरव. सेक्रेटरी म्हणून मी अकरा वर्षांत चार वेळा लिहिला. त्यातला एकच दिला, आणि तोही मंजूर करायचं समितीच्या लक्षातच राहिलं नाही. तशी मी कागदोपत्री कितीतरी महिने ना धड आत, ना धड बाहेर होते. कुणाला फरक पडला नाही. पंप रोज चालूच होता.

आता तुझी यादी. बी विंगमधली गळती, सी विंगला पाणी कमी, पार्किंग, कुत्री, कचरा, थकबाकी. मला चार्ज मिळाला तेव्हाही जवळजवळ हीच यादी होती, फक्त कुत्र्यांच्या जागी डिश अँटेना होत्या. मला खटकलं ते वेगळंच. या सहाही तक्रारी तू ग्रुपवर वाचल्यास, सहाही तक्रारींना ग्रुपवरच उत्तरं दिलीस, आणि एकाही जागी अजून स्वतः जाऊन उभी राहिली नाहीस. रागावू नकोस. तुझी नोकरी आहे, हिंजवडीला जाऊन येऊन जीव निघतो, हे मला दिसतं. पण सोसायटीतली तक्रार जशी लिहून येते तशी ती नसते. लिहिताना माणूस शेजाऱ्याबद्दल लिहितो, आणि दोष सापडतो पाइपात.

गळतीचंच घे. खालचे म्हणतात वरच्यांचं बाथरूम गळतंय. वरचे म्हणतात आमचं बाथरूम दोन वर्षांपूर्वीच फोडून वॉटरप्रूफिंग केलंय, बिल आहे. दोघंही खरं बोलत असतील. तू खालच्यांकडे जा, स्टूल माग, त्या डागावर तळहात टेकव. मग पेन्सिलीने डागाची कड आखून घे आणि शेजारी तारीख लिही. आठ दिवसांनी परत जा. डाग रेघेच्या बाहेर गेला की नाही, यावर निदान भांडण तरी होत नाही. मी एका भिंतीवर अशा सहा रेघा मारल्या होत्या. त्या वहिनी म्हणाल्या, "हा काय नकाशा काढताय?" खरंच नकाशासारखं दिसायला लागलं होतं ते.

मग विचार की ओल कधी वाढते. फक्त पावसाळ्यात वाढत असेल तर वरच्यांच्या बाथरूमला हात लावू नकोस. बाहेरची भिंत बघ, खिडकीखालची कड बघ, डक्टमधला पाइप बघ. बारा महिने, रात्रंदिवस थेंब पडत असेल तर नळाची लाइन, कारण तिच्यात कायम दाब असतो. वरचे आठ दिवस गावाला गेले की थांबत असेल तर वापरलेलं पाणी कुठेतरी झिरपतंय. नळाच्या लाइनचा संशय असेल तर वरच्या बाथरूमची मेन चावी एक दिवस बंद ठेवायला सांग. नहाणीचा संशय असेल तर नहाणी ट्रॅपला, म्हणजे पाणी निघून जातं त्या जाळीला, फडकं कोंबून दोन बोटं पाणी भर, त्यात खायचा रंग टाक आणि चोवीस तास थांब. खाली रंग उतरला तर बोलायचं काही उरत नाही. तोडफोडीआधी हे सगळं कर. आपल्याकडे उलट होतं. आधी फरशी फुटते, मग कळतं की पाणी शेजारच्या डक्टमधून येत होतं.

खर्च कोणाचा, हे आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत, लिहिलेलं आहे. बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप, गच्ची, पावसाची गळती हे सोसायटीचं. फ्लॅटच्या आतलं ज्याचं त्याने. गच्चीतून पाणी झिरपून सगळ्यात वरच्या मजल्याच्या छताचं प्लॅस्टर खराब झालं तर तेही सोसायटीचंच. हे शेवटचं मुद्दाम सांगते, कारण इथे मी स्वतः चुकले आहे.

वरच्या मजल्यावर एक गृहस्थ होते. दोन वर्षं मेंटेनन्स थकलेला. सभेत त्यांचं नाव निघालं की सगळे तुटून पडायचे, त्यात मीही होते. मी त्यांना तीन नोटिसा दिल्या, वर एकवीस टक्के व्याज लावलं. तेव्हा उपविधींत तेवढी कमाल मर्यादा होती, आणि मी ती कमाल गाठली याचा मला तेव्हा अभिमानच वाटला होता. वसुलीच्या दाखल्यासाठी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज करायची तयारी केली. लोक अजून त्याला जुन्या कलम १०१ वरून 'एकशेएक' म्हणतात, पण २०१९ च्या दुरुस्तीपासून गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात वेगळं प्रकरण आलंय, तेवढं वकिलाकडून बघून घे. अर्जाला जोडायची शेवटची नोटीस हातात द्यायला म्हणून मी पहिल्यांदा त्यांच्या घरात शिरले. बेडरूममध्ये पलंग भिंतीपासून ओढून मधोमध ठेवलेला. छताचं प्लॅस्टर गेलेलं, गज दिसत होते, खाली प्लॅस्टिकची बादली. त्यांनी कपाटातून फाइल काढली. गच्ची दुरुस्त करा, अशी त्यांची पाच पत्रं, पाचांवरही आमच्या ऑफिसचा शिक्का. आम्ही म्हणत होतो, आधी थकबाकी भरा, मग गच्चीचं बघू. ते म्हणत होते, आधी गच्ची करा, मग पैसे. बादली मात्र दोन पावसाळे भरत होती.

कायद्याने दोन्ही गोष्टी वेगळ्या, हे खरं. गळतीसाठी मेंटेनन्स अडवता येत नाही आणि थकबाकीसाठी दुरुस्ती अडवता येत नाही. पण हे शहाणपण मला त्या पलंगाकडे बघून आलं. गच्चीचं काम त्या मे महिन्यात केलं. त्यांनी हप्त्याहप्त्याने सगळं भरलं. माझ्याशी मात्र ते नीट बोलले नाहीत, शेवटपर्यंत. आता ते कोथरूडला मुलाकडे असतात.

सी विंगच्या पाण्याकडे वळते. लोक लगेच खडकवासल्यात किती टीएमसी पाणी आहे इथपासून सुरू करतात. तू धरणापर्यंत जाऊ नकोस, गच्चीपर्यंत जा. तेही सकाळी सहाला, पाणी सोडतात तेव्हा. माझ्या वेळीही सी विंगला पाणी कमीच यायचं. महापालिकेला तीन अर्ज झाले, नवीन पंपाचं कोटेशन आलं, एका सदस्याने तर ए विंगवाल्यांवर चोरून जोड घेतल्याचा आरोप केला. एकदा मी पहाटे वर गेले. वॉचमन सी विंगचा व्हॉल्व्ह अर्धाच उघडत होता. का रे बाबा? तर म्हणाला, पूर्ण उघडला की पाइप थरथरतो, पहिल्या मजल्यावरचे आजोबा उठतात आणि मला शिव्या घालतात. पाइपाचा एक क्लॅम्प तुटला होता. नवा शंभर रुपयांच्या आत आला. आजोबा झोपायला लागले, सी विंगला पाणी चढायला लागलं. ए विंगवाल्यांची माफी मात्र कुणी मागितली नाही.

टाक्यांचं तेवढं कडक ठेव. २०२५ च्या जानेवारीत आपल्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडीकडे जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या त्या आजाराचे, पेशंट निघाले तेव्हा सगळ्या सोसायट्यांनी घाईघाईने टाक्या धुतल्या. पुढे किती जणांनी तारीख पाळली, तूच बघ. टाकी धुतल्याची तारीख टाकीवरच रंगाने लिहून ठेव, रजिस्टर कोणी उघडत नाही. टँकर आला की पाणी खालच्या टाकीत सोडण्याआधी क्लोरीन तपास. त्यासाठी क्लोरोस्कोपची छोटी पेटी मिळते, तिच्यातल्या औषधाचे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, किती पिवळं ते पट्टीशी जुळवायचं. घरच्या नळाशी लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं हवं. वॉचमनला शिकव. त्याला हे काम आवडतं, मी बघितलंय.

पार्किंगबद्दल माझा सल्ला छोटा आहे. एकटीने काही ठरवू नकोस. स्टिल्ट (इमारतीखाली खांबांमधलं) आणि मोकळ्या जागेतलं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे, त्यामुळे कोणी जुनी पावती नाचवली तरी घाबरू नकोस. वाटप सर्वसाधारण सभेचं काम. सभेआधी फक्त एक कर, रात्री अकराला वही घेऊन खाली फिर आणि गाड्या मोज. मी मोजल्या तेव्हा तीन गाड्यांवर इतकी धूळ होती की कुणीतरी बोटाने 'मला धुवा' लिहून ठेवलं होतं, त्यालाही महिने झाले असावेत. एका गाडीचे मालक तर फ्लॅट विकून गेले होते.

कुत्र्यांवरून जे पेटलंय त्यात दोन्ही बाजूंचे लोक कायदा अर्धाच सांगताहेत. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे कुत्र्यांना हुसकावून दुसरीकडे सोडता येत नाही. नसबंदी आणि लसीकरण करून त्याच भागात परत सोडायचं, ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठेवलं, फक्त रेबीज झालेली किंवा फार आक्रमक कुत्री सोडून. पण त्याच नियमांत हेही आहे की खायला घालायची जागा ठरवायची, आणि ती मुलांच्या खेळायच्या जागेपासून, जिन्यापासून लांब हवी. म्हणजे 'कुठेही घालीन' हेही चालत नाही. खायला घालणारी ती मुलगी आणि तक्रार करणारे जोशीकाका, दोघांना घेऊन कंपाउंडला एक चक्कर मार. चालत. बसून बोललात की भाषणं होतील.

कचऱ्याचं तर मला लाजच वाटते. सगळे म्हणतात कचरावाली ताई ओला-सुका एकत्र करते. एकदा सकाळी तिच्याबरोबर पाच मजले उतर. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे, आणि आपल्या दारात येणाऱ्या या बायकांना कचऱ्याबद्दल आपल्यापेक्षा जास्त कळतं. तिच्या बादलीत डायपर आणि पॅड वर्तमानपत्रात न गुंडाळता, ओळखीचा लाल ठिपका न लावता कोणत्या दारातून येतात, ते तुला तिसऱ्या मजल्यापर्यंतच कळेल. नावं ग्रुपवर टाकू नकोस. दार वाजव.

महापालिकेच्या तक्रारींचं एक गुपित सांगते, गुपित कसलं, साधी गोष्ट आहे. "गेटसमोर रस्ता खचला" असं लिहिलंस तर ती तक्रार महिनाभर विभागांमधून फिरेल. खड्डा चेंबरभोवती खचला असेल तर ते काम ड्रेनेजवाल्यांचं, नुसता डांबराचा खड्डा असेल तर पथ विभागाचं. दिव्याची तक्रार असेल तर खांबावरचा नंबर लिही. झाडाची फांदी असेल तर उद्यान विभाग, आणि परवानगीशिवाय स्वतः तोडायची नाही, १९७५ चा वृक्ष कायदा आहे. २०२२ च्या मार्चपासून जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. तेव्हा कोणाला फोन करायची सोयच नसल्यामुळे मी हे शिकले. चेंबरचं झाकण नीट बघितल्याशिवाय अर्ज लिहायला बसायचं नाही.

बाकी वार्षिक सभा तीस सप्टेंबरच्या आत. चौदा दिवस आधी नोटीस. कोरम होणार नाही, अर्ध्या तासाने तहकूब सभा होईल, चिवडा थोडा जास्त मागव. आपली इमारत १९९६ ची. म्हणजे तिशी गाठली. आत्तापर्यंत स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, पाच वर्षांनी चालायचं, तीस वर्षांनंतर तीन वर्षांनी करावं लागतं. हा विषय अजेंड्यावर पहिला घे, 'आयत्या वेळचे विषय' मध्ये टाकलास तर तोवर लोक चपला घालत असतात.

येत्या शनिवारी पहाटे पावणेसहाला वर ये. गच्चीची तुझ्याकडची किल्ली कुलपात अडकते, हे मला माहीत आहे, मीच ती एकदा वाकवली. दुसरी माझ्याकडे आहे, ती आणते. थर्मासमध्ये चहाही आणते. टॉर्च तू आण, मोबाइलचा नको, हात मोकळे लागतात.

तुझी,
सातव्या मजल्यावरची काकू

ता. क. जोशीकाकांना सांग, कुत्र्यांच्या चक्करला मीही येतेय. म्हणजे ते येतील.