घरी ब्रेक पॅड बदलताना एक बोल्ट चार तास झाले तरी निघत नाहीये. माझंच काही चुकतंय का?

तुम्ही लिहिलंय की पुढचे ब्रेक पॅड पहिल्यांदाच स्वतः बदलायला घेतलेत. व्हिडिओत पाऊण तासात उरकलेलं काम तुमच्याकडे चार तास झाले तरी पहिल्याच बोल्टवर अडलंय, बोल्टचं डोकं गोल होत चाललंय, गाडी जॅकवर आहे आणि तुमचं डोकं भणभणतंय. हे आपल्याला जमणारं नाही, सोडून द्यावं का, असं विचारताय.

आधी गाडीचं बघा. ती नुसत्या जॅकवर असेल तर पुढे वाचण्याआधी उठा आणि तिच्याखाली स्टँड लावा. जॅक गाडी उचलण्यापुरता असतो. शिवाय अडलेल्या बोल्टवर तुम्ही जो जोर लावताय तो गाडीला आडवा हिसका देणारा जोर आहे, आणि जॅकवरची गाडी सरकायला तेवढा हिसका पुरतो. स्टँड नसेल तर तूर्त काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या सांगाड्याखाली सरकवा, मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा. स्टँड मिळेपर्यंत बोल्टला हात लावू नका. बोल्ट कुठे जात नाही.

आता बोल्ट. व्हिडिओतला पाऊण तास खरा असेलही, पण त्या गाडीचे बोल्ट बहुधा आधी कधीतरी निघालेले आणि साफ केलेले असतात. तुमचा हा बोल्ट कदाचित गाडी कारखान्यातून निघाल्यापासून हललेलाच नाही. ब्रेकशेजारी बसून तो रोज तापतो, गार होतो, पाणी आणि चिखल अंगावर घेतो. लोखंड गंजलं की तो गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. आट्यांमध्ये जी केसाएवढी फट असते ती या फुगलेल्या गंजाने ठासून भरते. म्हणजे बोल्ट जेवढा आवळून बसवला होता, त्याहून आज तो कितीतरी घट्ट आहे. हे तुमच्या हातात ताकद किंवा अक्कल कमी असल्याचं लक्षण नाही.

चुकलं असेल तर बहुधा एवढंच, की बोल्ट हलत नाही म्हटल्यावर तुम्ही जोर वाढवत गेलात. मीही तेच केलं होतं. ती गोष्ट सांगतो, कारण ती थेट तुमच्या उपयोगाची आहे.

मी पुढच्या डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्या, बदलायला घेतल्या होत्या. त्यासाठी कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याचा, ब्रॅकेट काढावा लागतो. माझ्या गाडीत तो १७ नंबरच्या दोन बोल्टांनी आतल्या बाजूने आवळलेला आहे. खालच्या बोल्टपासून सुरुवात केली. हलला नाही. पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला. तरी नाही. पाना सटकला आणि मूठ डिस्कच्या कडेवर आपटली. फडकं गुंडाळून पुन्हा ओढला, पुन्हा सटकला, त्याच बोटावर. वडील मागे बॅटरी धरून उभे होते, इतका वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, "तू सोडवतोयस की आवळतोयस?"

मी डिस्कच्या बाजूने वाकून बघत होतो, म्हणजे बोल्टच्या शेपटाकडून. बोल्ट घड्याळाच्या उलट फिरवून सुटतो हे खरं, पण डोक्याकडून पाहिलं तर. शेपटाकडून पाहताना तीच दिशा घड्याळाच्या काट्यांसारखी दिसते. अर्धा तास मी पाइप लावून तो बोल्ट अजून आवळत होतो. ते कळल्यावर मला अक्षरशः रडू यायचं बाकी राहिलं. वडिलांनी बॅटरी विझवली, हत्यारं पेटीत ठेवली आणि म्हणाले, "उद्या करू." दुसऱ्या दिवशी सकाळी तोच बोल्ट निघाला. आटे ताणले गेले होते म्हणून नवा आणावा लागला, पण निघाला.

तेव्हा पहिली तपासणी दिशेची. पॅडसाठी जे स्लाइड पिनचे (कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांचे) बोल्ट सोडवायचे असतात, त्यांचीही डोकी बहुतेक गाड्यांत आतल्या बाजूलाच असतात. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवा, म्हणजे कॅलिपरची पाठ बाहेर येते आणि बोल्टचं डोकं समोरून दिसतं. गोटी (सॉकेट) लावायच्या आधी रॅचेट, म्हणजे गोटीचा दांडा, हवेत फिरवून दिशा नक्की करा. दुसरी तपासणी: बोल्ट फिरतोय पण बाहेर येत नाहीये, असं तर होत नाही ना? पुष्कळ कॅलिपरमध्ये बोल्टबरोबर आतली पिनही फिरते. त्या पिनेला दोन चपट्या बाजू असतात, तिथे पातळ फिक्स पाना अडकवून ती धरून ठेवावी लागते. हे व्हिडिओत अर्ध्या सेकंदात होऊन जातं, सांगत कोणी नाही.

तिसरी तपासणी गोटीची. बारा कोनांची गोटी किंवा रिंग पाना बोल्टचे कोपरे धरतो. सहा कोनांची गोटी सपाट बाजूंवर दाब देते. अडलेल्या बोल्टवर बारा कोनांचा पाना लावला की कोपरे सोलले जाणारच. इंची गोटी मिलिमीटरच्या बोल्टवर चढली असेल तर तेही बघा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, ती १२ च्या बोल्टवर आरामात बसते आणि जोर आला की सटकते. मला तर वाटतं, घरी बोल्टांची डोकी जी गोल होतात त्यातली बरीचशी गंजापेक्षा गोटीमुळे होतात.

हे तिन्ही ठीक असेल तर आज अजिबात ओढू नका. तारेच्या ब्रशने बोल्टभोवतीचा गंज आणि माती साफ करा. गंज सोडवणारं पातळ तेल आट्यांच्या तोंडाशी थोडं थोडं सोडा. डिस्कवर आणि पॅडवर थेंबही जाऊ देऊ नका, तिथे आधीच फडकं झाका. मग हातोडीने बोल्टच्या डोक्यावर सरळ टकटक करा, मध्यम जोराने, दहा-पंधरा ठोके. या ठोक्यांनी गंजाला बारीक तडे जातात आणि तेलाला आत शिरायला वाट मिळते. तासाभराने पुन्हा तेल, पुन्हा ठोके. मग रात्रभर तसंच ठेवा. तेल लावून पाच मिनिटांत पाना मारणं म्हणजे तेल न लावल्यासारखंच आहे.

सकाळी सहा कोनांची गोटी पूर्ण आत बसवा, हातोडीने ठोकून बसवावी लागली तरी चालेल. आणि पहिला प्रयत्न आवळायच्या दिशेने करा, अगदी किंचित. विचित्र वाटेल, पण गंजाची पकड तुटायला हालचाल लागते, मग ती कुठल्या का बाजूला होईना. किंचित हलला की उलटा फिरवा. अडला की परत थोडा आवळा, तेल टाका, पुन्हा सोडवा. पुढे-मागे, पुढे-मागे करत तो बाहेर येतो. पकड सुटते तेव्हा कट्ट असा कोरडा आवाज येतो. पहिल्यांदा ऐकलात तर बोल्ट तुटला असं वाटून काळजात धस्स होईल. हाताला कळेल, तुटलेला बोल्ट एकदम मोकळा फिरतो, सुटलेला घासत घासत येतो.

लांब दांडा लावायच्या आधी एक हिशोब मनात असू द्या. अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकाला १० किलोचा जोर लावला की बोल्टवर जवळजवळ ५० न्यूटन मीटर पिळ पडतो. ८ मिलिमीटर आट्याचा साधा ८.८ प्रतीचा बोल्ट बसवतानाच २५ च्या आसपास आवळतात, ६ मिलिमीटरचा १० च्या आसपास. म्हणजे लहान बोल्ट तोडायला रागसुद्धा लागत नाही, लांब दांडा पुरतो. चाकाच्या नटांना लांब दांडा खुशाल वापरा, ब्रॅकेटच्या मोठ्या बोल्टांनाही वापरा. स्लाइड पिनच्या लहान बोल्टांना आधी वेळ द्या.

डोकं आधीच गोल झालं असेल तरी वाट बंद झालेली नाही. एक माप लहान, सहा कोनांची गोटी हातोडीने ठोकून चढवून बघा. आतून उलटे पीळ असलेल्या गोट्या मिळतात, त्या गोल डोक्यात रुतून बसतात. त्यांनी माझं काम दोनदा झालंय. कानशीने दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करून लॉकिंग पक्कड लावता येते. पण डोकं तुटून आट्यात बोल्ट अडकला तर तिथे थांबा. भोक पाडून आत उलट्या आट्यांचं एक्स्ट्रॅक्टर घालायचा मोह होईल. ते फार कडक आणि ठिसूळ पोलादाचं असतं. आत तुटलं तर साध्या ड्रिलने त्याला भोक पडत नाही आणि मग भागच बदलावा लागतो. तिथे मेकॅनिकला बोलावण्यात काही कमीपणा नाही. गरम करण्याबद्दल: ब्रेकच्या होजपाशी (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीपाशी), पिनांवरच्या रबरी टोप्यांपाशी ज्योत नेऊ नका. आणि ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेवर तर कधीच नाही. काही क्लीनरमध्ये क्लोरीनचे घटक असतात आणि तापले की त्यांचा विषारी वायू होतो.

आणखी एक गोष्ट, जिने तुमचा जीव थोडा खाली पडेल. जो बोल्ट निघत नाहीये तो अजून घट्ट बसलेला आहे. बाकी काही उघडलेलं नसेल, पॅडवर अजून मसाला (घासला जाणारा थर) शिल्लक असेल, तर चाक बसवून गाडी आज जमिनीवर उतरवता येईल आणि ती आधी जशी होती तशीच असेल. दुसरा बोल्ट काढला असेल तर तो नीट आवळून बसवा, पेडल दाबून बघा. मात्र एखादा बोल्ट तुटलाय किंवा अर्धवट सुटलाय अशा स्थितीत गाडी दहा पावलंसुद्धा चालवू नका.

वैतागाबद्दल म्हणाल तर मी एक नियम पाळतो: हाताला दुसऱ्यांदा लागलं की त्या दिवसाचं काम संपलं. त्या संध्याकाळी दुसऱ्यांदा मूठ आपटली तेव्हाच थांबलो असतो तर बोल्ट वाचला असता. थकलेल्या हाताला पाना तिरका बसलेला कळत नाही, नट चुकीच्या आट्यात चढतोय हे कळत नाही. आणि ज्या गाडीने उद्या सकाळी कामावर जायचंय ती गाडी आदल्या संध्याकाळी उघडू नये. निम्मा वैताग घड्याळाचा असतो.

सोडून द्यायचं का? माझं मत, नाही. मी माझ्या गाडीच्या पॅडची जाडी डोळ्यांनी पाहिलेली आहे, कुठली पिन कोरडी पडली होती ते मला माहीत आहे, आणि घरच्यांना घेऊन उतारावर ब्रेक दाबताना मला त्याचा फार आधार वाटतो.

बोल्ट निघाल्यावर पुढच्या कामात जिथे लोक अडतात तेवढं सांगतो. एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी बघायला तशीच राहू द्या. कॅलिपर होजवर लोंबकळत सोडू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. नवे पॅड जाड असतात, म्हणून कॅलिपरमधला पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) आत ढकलावा लागतो. तो हळूहळू ढकला आणि बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीवर नजर ठेवा. पातळी वर येते, सांडलं तर रंग खातं. मागचे डिस्क ब्रेक कधी उघडलेत तर लक्षात असू द्या, हँडब्रेक कॅलिपरमध्येच असेल तर पुष्कळ गाड्यांत तो पिस्टन फिरवत आत न्यायचा असतो, नुसता दाबला तर आतली रचना बिघडते. ब्रेकची काळी धूळ फुंकून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. स्लाइड पिना साफ करून ब्रेकचं ग्रीस लावा. डोकं खराब झालेला बोल्ट परत घालू नका, आणि काही गाड्यांत हे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या. किती आवळायचे तो आकडाही तिथेच मिळेल.

सगळं बसलं की गाडी हलवायच्या आधी पेडल दाबत राहा. पहिल्यांदा ते थेट तळाला जाईल, घाबरू नका, पिस्टन पॅडपर्यंत पोचतोय. पाच-सहा वेळा दाबल्यावर कडक झालं पाहिजे. नाही झालं तर गाडी बाहेर काढू नका. झालं तर मोकळ्या जागी हळू चालवून दोन-चारदा थांबवून बघा, आणि ५०-१०० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा एकदा आवळून घ्या.

बोल्ट कुठला आहे, वरचा की खालचा, किती नंबरचा आणि डोकं किती उरलंय ते कळवा. मी उद्या संध्याकाळी बघतो.