राजीनाम्याआधी रजेचा हिशोब मांडा

पत्र : मी केंद्र सरकारच्या दक्षिण मुंबईतल्या एका कार्यालयात लेव्हल 7च्या वेतनश्रेणीवर आहे. 2011 साली स्टाफ सिलेक्शनमधून लागले, एनपीएसमध्येच (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) आहे. वय 37, खुला प्रवर्ग. राहायला बदलापूरला. मिस्टर राज्य शासनात, नाशिकला; शनिवार-रविवार येतात. मुलगी दहावीत, मुलगा पहिलीत, सासूबाई 72 वर्षांच्या, गुडघ्यांमुळे जिना उतरत नाहीत. करोनात घरी बसून ई-ऑफिसवर फाइली काढल्या, कुणाचं काही अडलं नाही. आता चेहरा दाखवून हजेरी लागते. वेळ सव्वानऊची, आणि माझी लोकल आठवड्यातून एकदा तरी दगा देतेच. कॅज्युअल (किरकोळ रजा) जूनमध्ये संपल्या, परवा मेमो आला. खात्यात ईएल (अर्जित रजा) 212 आहेत, हाफ पे (अर्धपगारी रजा) 240. सीसीएल (बालसंगोपन रजा) मुलाच्या वेळी 95 दिवस वापरली. राजीनामा देऊन बी.एड. करावं आणि घराजवळच्या शाळेत लागावं असं मनात आहे. मुलीचं वर्ष वाया घालवायचं नाही. काय करू?

उत्तर :

नमस्कार ताई,

आधी मेमो, कारण त्याला मुदत असते. उत्तर एका पानात बसवा. ज्या तारखा मेमोत आहेत त्या, त्या दिवशी किती मिनिटं उशीर झाला, कारण काय आणि संध्याकाळी किती वाजता बाहेर पडलात, एवढंच. संध्याकाळची वेळ हजेरीच्या नोंदीत असते, ती छापून जोडा. सासूबाईंचे गुडघे, मिस्टरांची नाशिकची नोकरी, करोनातलं काम यातलं काहीही त्या कागदावर नको. ते खरं आहे, पण फाइलला लागलेला कागद गोपनीय अहवालाच्या वेळी उघडला जातो, आणि तिथे लांबलचक कैफियत वाचणाऱ्याला एवढंच कळतं की उशीर पुढेही होणार.

घरून कामाचं म्हणाल, तर ती सवलत साथीपुरती होती. 7 फेब्रुवारी 2022 पासून केंद्रानं सगळ्यांना पूर्ण उपस्थिती लागू केली आणि जून 2024 मध्ये कार्मिक विभागानं हजेरीची दोरी आणखी आवळली. ‘तेव्हा जमलं तर आता का नाही’ हा प्रश्न रास्त आहे. पण त्यावर अर्ज करण्यात या वर्षी शक्ती घालवू नका. तशी कायमस्वरूपी तरतूद तुमच्या नियमांत नाही.

आता उशिराचं गणित. दर उशिराला अर्धी कॅज्युअल कापली जाते. मात्र महिन्यातून दोनदा, एका तासापर्यंतचा उशीर योग्य कारण असेल तर सक्षम अधिकारी माफ करू शकतात. ‘करू शकतात’ म्हणजे आपोआप होत नाही, मागावं लागतं. बहुतेकांचं इथेच चुकतं : गाडी रखडली की धावत येऊन हजेरी लावतात आणि गप्प बसतात. महिनाअखेरीला अहवाल निघतो तेव्हा कारण कुणालाच आठवत नाही. त्याच दिवशी, शक्यतो गाडीत असतानाच, अनुभाग अधिकाऱ्यांना दोन ओळींचा ईमेल टाका आणि महिन्याचे दोन उशीर माफ करण्याची विनंती त्यात लिहा. वर्षाच्या 8 कॅज्युअल म्हणजे 16 अर्धे. महिन्याला तीन अर्धे गेले तर जूनपर्यंत खातं रिकामं, तुमचं झालं तसंच. त्यानंतरचा उशीर ईएलमधून वळता होऊ शकतो आणि सवयीचा ठरला तर शिस्तभंगाची कारवाईही होते. संध्याकाळी बाहेर पडताना हजेरी लावायला विसरलात तरी दिवस अर्धा दिसतो, म्हणून दर शुक्रवारी आपली आठवड्याची नोंद उघडून पाहा. चूक त्याच आठवड्यात सुधारून मिळते, तीन महिन्यांनी कुणी हात लावत नाही.

याबरोबर वेळ अर्ध्या तासानं पुढे सरकवून मागा : पावणेदहा ते सव्वासहा. तास तेवढेच. हा हक्क नाही, कार्यालय प्रमुखांची मर्जी आहे, त्यामुळे मागणी ‘31 मार्चपर्यंत’ अशी मुदतीची करा आणि सकाळी तुमच्या टेबलावर कोण लक्ष ठेवेल ते नाव त्या सहकाऱ्याला विचारून अर्जातच घाला. मुदत नसलेल्या विनंतीला अधिकारी घाबरतात; ती पायंडा ठरेल असं त्यांना वाटतं.

राजीनाम्याचं बोलू. आज तो दिलात तर काय जाईल ते आकड्यांत बघा. ग्रॅच्युइटी दर पूर्ण सहा महिन्यांच्या सेवेला पाव महिन्याचा पगार (मूळ अधिक महागाई भत्ता) या दरानं मोजतात. तुमची 14 वर्षं म्हणजे 28 सहामाही, म्हणजे सात महिन्यांचा पगार. राजीनाम्यात ती मिळत नाही, कारण मागची सेवाच जप्त होते. ईएलचे पैसे राजीनाम्यात शिल्लक रजेच्या निम्म्याच दिवसांचे मिळतात, तेही कमाल 150; म्हणजे तुमच्या 212 पैकी 106 दिवसांचे. एनपीएसमधून साठीआधी असं बाहेर पडताना किमान 80 टक्के रक्कम वार्षिकीत, म्हणजे पेन्शन देणाऱ्या विमा योजनेत, अडकते. समजा खात्यात 40 लाख असतील, तर हातात 8 लाख. खातं तसंच चालू ठेवण्याची सोय आहे, पण मग हातात काहीच नाही. याउलट 20 वर्षं भरली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. तेव्हा ग्रॅच्युइटी दहा महिन्यांची, ईएलचे पैसे 300 दिवसांपर्यंत पूर्ण, आणि एनपीएसला नियत वयात निवृत्त झाल्यासारखेच नियम. तुमची 20 वर्षं 2031 मध्ये भरतात, मुलगी तेव्हा पदवीच्या पुढे गेलेली असेल. नोकरी सोडायचीच असेल तर सोडण्याचं वर्ष ते आहे.

बी.एड.बद्दल स्पष्टच लिहावं लागेल. नियमित बी.एड. दोन वर्षांचं आणि हजेरीचं, नोकरी सांभाळून होत नाही. मुक्त विद्यापीठाचं बी.एड. आधीच शिकवत असलेल्यांसाठी आहे. अभ्यास रजा कामाशी थेट संबंध असलेल्या शिक्षणालाच मिळते, नोकरी बदलायच्या शिक्षणाला नाही. आणि बी.एड. झाल्यावर? पहिली ते आठवीला टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), मग शिक्षक अभियोग्यता चाचणी, मग राज्याच्या शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल. राज्याच्या सरळसेवा भरतीत खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा साधारण 38. दोन वर्षांनी तुम्ही 39 च्या असाल. त्यातूनही लागलात तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, मानधन प्राथमिकला 16 हजार आणि माध्यमिकला 18 हजार. खासगी विनाअनुदानित शाळेचा पर्याय उरतो, तिथे किती हातावर टेकवतात ते बदलापुरातल्या एखाद्या ओळखीच्या शिक्षिकेला विचारून घ्या. शिकवण्याची ओढ मनापासून असेल तर ती वेगळी गोष्ट. तुमच्या पत्रात ओढ दिसते ती ‘घराजवळच्या’ या शब्दाची.

घराजवळ वेळ मिळवण्याचं तुमचं मोठं साधन म्हणजे सीसीएल, आणि ती तुम्ही जवळजवळ वापरलेलीच नाही. पूर्ण सेवेत 730 दिवस, पहिल्या दोन मुलांसाठी, मूल 18 वर्षांचं होईपर्यंत. पहिले 365 दिवस पूर्ण पगार, पुढचे 365 दिवस 80 टक्के. तुमचे 635 शिल्लक आहेत, त्यातले 270 पूर्ण पगाराचे. कारण आजारपणाचंच लागतं असा गैरसमज आहे. मुलाचं शिक्षण हे कारण नियमातच लिहिलेलं आहे. अटी : एका कॅलेंडर वर्षात तीन टप्पे, एक टप्पा किमान पाच दिवसांचा, आणि मंजुरी आधी. ही रजा हक्क म्हणून मिळत नाही. न सांगता घरी राहून मागाहून सीसीएल टाकणं ही हमखास फसणारी चाल.

तीन टप्पे 1 जानेवारीला नव्यानं सुरू होतात, म्हणून परीक्षेच्या वर्षाची मांडणी आधीच करा. पहिला टप्पा फेब्रुवारीत लेखी परीक्षेच्या आठवडाभर आधीपासून शेवटच्या पेपरपर्यंत, साधारण पाच आठवडे. दुसरा जूनमध्ये आठ-दहा दिवस, अकरावीचा प्रवेश आणि धाकट्याची शाळा एकदम अंगावर येतात तेव्हा. तिसरा अजिबात ठरवू नका. पहिलीतल्या मुलाला कांजिण्या कुठल्या महिन्यात येतील ते कुणी सांगावं. या वर्षीचा एखादा टप्पा उरला असेल तर तो सराव परीक्षेसाठी दिवाळीनंतर घ्या.

अडचण फेब्रुवारी-मार्चची आहे. सरकारी कार्यालयात मार्च म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पाच आठवड्यांचा अर्ज जानेवारीअखेर टाकलात तर ‘वर्षअखेरीनंतर घ्या’ असा शेरा येणारच. तो नोव्हेंबरमध्ये टाका. सोबत मुलीचा जन्मदाखला, मंडळाचं वेळापत्रक जाहीर झालं असेल तर ते, आणि एक तक्ता : तुमच्याकडच्या कोणत्या फाइली फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत निकाली निघतील, उरलेल्या कोण बघेल. तरी नकार आला तर तो लेखी मागा आणि तीन आठवड्यांवर तडजोड करा, कमतरता ईएलनं भरा. कॅज्युअल ईएलला किंवा सीसीएलला जोडता येत नाही, हे ध्यानात असू द्या. आणि पूर्ण कॅलेंडर महिना रजेवर असाल तर त्या महिन्याचा वाहतूक भत्ता जातो. त्यामुळे शक्य असेल तिथे 31 तारखेऐवजी 30 लाच हजर व्हा, तेवढेच 3600 आणि त्यावरचा महागाई भत्ता वाचतो.

सासूबाईंसाठी सीसीएल नाही. परिवर्तित रजाही (अर्धपगारी रजा पूर्ण पगारात बदलून घेतलेली) नाही, ती स्वतःच्या आजारपणाची. त्यांच्यासाठी ईएल, जुलै 2025 मध्ये राज्यसभेतही सरकारनं हेच सांगितलं की वृद्ध आई-वडिलांच्या देखभालीला ही रजा घेता येते. आणि तुमच्या 240 हाफ पे नुसत्या पडून आहेत. ती रजा खासगी कारणासाठी, डॉक्टरच्या दाखल्याशिवाय मिळते. मूळ पगार आणि त्यावरचा महागाई भत्ता निम्मा होतो, घरभाडे भत्ता पूर्ण राहतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली तर आठवडा-दोन आठवडे याच रजेतून काढा आणि ईएल वाचवा, कारण तिचे पुढे पैसे होतात.

बदलीचं. पती-पत्नीला शक्यतो एकाच ठिकाणी ठेवावं, विशेषतः मुलं 18 वर्षांची होईपर्यंत, असं कार्मिक विभागाचं 30 सप्टेंबर 2009 चं परिपत्रक आहे. ‘शक्यतो’वर भिस्त आहे, तरी अर्जात त्याचा उल्लेख असावाच. तुमच्या विभागाचं नाशिकचं कार्यालय तुमच्याच ज्येष्ठता यादीत आहे का, हे आस्थापना शाखेत विचारा. असेल तर निर्धास्त अर्ज करा. यादी वेगळी असेल तर विनंतीबदलीत तुम्ही नव्या यादीत सगळ्यांच्या खाली जाता. पगार टिकतो, पण पदोन्नती लांबते. तेच मिस्टरांना लागू : त्यांचा संवर्ग नाशिक विभागापुरता असेल तर ठाण्यात येताना त्यांची ज्येष्ठता जाईल. दोघांपैकी कुणाची पदोन्नती लांब आहे ते बघून त्यानं हलावं. राज्यात सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात, म्हणून त्यांचा अर्ज तुमच्या नोकरीच्या दाखल्यासह जानेवारीतच जायला हवा. अकरावीचे प्रवेश 2025 पासून राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीनं होतात. कुटुंब नाशिकला जाणार की बदलापुरात राहणार हे मेअखेरीपर्यंत नक्की झालं नाही, तर मुलगी कॉलेजांचे पसंतीक्रम भरताना दोन शहरांत अडकेल. कुठली शाखा घ्यायची याचं उत्तर तिच्याकडून मागा. तिनं स्वतः लिहिलं तर स्वतंत्रपणे उत्तर देता येईल.

बदली नाहीच झाली, तर सरकारी क्वार्टरचा विचार करा. अँटॉप हिलला केंद्राची मोठी वसाहत आहे. लेव्हल 6 ते 8 ला टाइप 3 चं घर, अर्ज ई-संपदा पोर्टलवर. घरभाडे भत्ता बंद होईल, पण रोजचे दोन-अडीच तास परत मिळतील आणि सव्वानऊची धास्ती संपेल. बदलापूरचं घर स्वतःचं असेल तर अर्जात तसं लिहा, लपवू नका. आणि घर ताब्यात घेण्याआधी मजला विचारून घ्या. जुन्या इमारती आहेत, सासूबाईंना तिसरा मजला चालणार नाही.