वाचकांचे प्रश्न : सिनेमा संपल्यावरची चर्चा

प्रश्न : आमचं चित्रपट मंडळ जात, धर्म, लिंगभाव अशा विषयांवरचे सिनेमे दाखवतं. पण चर्चेत पाच मिनिटांत सिनेमा बाजूला पडतो आणि आरक्षणावरून भांडण जुंपतं. काय करावं?

उत्तर : बहुधा पहिला प्रश्नच चुकतो. ‘सिनेमा कसा वाटला?’ असं विचारलं की जो तो आधीपासून तयार असलेलं भाषण ठोकतो. त्याऐवजी एकच प्रसंग पुन्हा दाखवा आणि तेवढ्यावरच बोला.

‘फँड्री’मध्ये शाळकरी जब्याचं कुटुंब डुकरामागे धावत असतं. डुक्कर हाताशी येतं आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थांबतो, घरचेही थांबतात, डुक्कर सुटतं. कोण कुठे उभं आहे, कॅमेरा कुणाकडे बघतोय, हे विचारा. उत्तर पडद्यावरच शोधावं लागतं, त्यामुळे बोलणं भरकटत नाही.

‘कोर्ट’मध्ये एका सफाई कामगाराला गाण्यातून आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा खटला लोकशाहिरावर चालतो. त्यातली त्या मृत कामगाराच्या बायकोची साक्ष निवडा. गटारात उतरण्याआधी तो झुरळ बाहेर येतं का ते बघायचा, म्हणजे आत विषारी वायू नाही हे कळायचं. आता विचारा : सुरक्षेची साधनं कुणी द्यायला हवी होती, आणि खटला कुणावर चाललाय? या एका प्रश्नावर तासभर बोलता येतं.

सिनेमा संपताच माइक फिरवू नका, दहा मिनिटं जाऊ द्या. मग प्रत्येकाला दोन मिनिटं. आणि सभागृहातल्या दलित किंवा तृतीयपंथी व्यक्तीला ‘तुमचा अनुभव सांगा’ म्हणून कधीही उभं करू नका. स्वतःहून बोलली तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : शेजारी देशांतले कोणते सिनेमे घ्यावेत?

उत्तर : बांगलादेशचा ‘माटिर मोयना’ (२००२) आणि पाकिस्तानचा ‘जॉयलँड’ (२०२२). दोन्हींवर मायदेशात बंदी आली, नंतर उठली. ‘जॉयलँड’ला पंजाब प्रांतात मात्र मोकळीक मिळाली नाही. त्याच्यावरचा वाद तृतीयपंथी नायिकेवरून पेटला, पण आम्हाला सिनेमाचा गाभा नायकाच्या बायकोत, मुमताजमध्ये दिसतो : नवऱ्याला नोकरी लागताच सासरचे तिचं आवडीचं काम सोडायला लावतात. चर्चा तिथूनच सुरू करा.

प्रश्न : ओटीटीवरून दाखवलं तर चालेल?

उत्तर : नाही. ते सदस्यत्व घरगुती वापरासाठी असतं, आणि डीव्हीडी विकत घेतल्यानेही जाहीर प्रदर्शनाचा हक्क मिळत नाही. निर्माता किंवा वितरकाकडून तारीख आणि जागा नमूद केलेली लेखी परवानगी घ्या. प्रमाणपत्र ‘ए’ असेल तर १८ वर्षांखालच्यांना आत सोडू नका, सोबत पालक असले तरीही.