आधी मैत्रीण, मग मोर्चा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कुमार-कादंबरीची पाचही प्रकरणे दोनदा वाचली. पहिल्या प्रकरणात जिवलग मैत्रीण शाळेतल्या गोळीबारात जाते आणि तिसऱ्यात तुझी नायिका हजारोंच्या सभेत भाषण करते, ही घाई मला खटकली. तू म्हणशील की पार्कलंडमध्ये असेच घडले. खरे आहे, फ्लोरिडातील त्या शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ रोजी १७ जण मारले गेले, २४ मार्चला तिथल्याच मुलांच्या पुढाकाराने वॉशिंग्टनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, आणि त्याआधी ९ मार्चलाच बंदूक विकत घेण्याचे किमान वय १८ वरून २१ वर नेणारा कायदा राज्यात झाला. पण त्या मोर्चात काळजात रुतून राहिले ते मौन. गोळीबारातून वाचलेल्या एका विद्यार्थी-वक्त्याने मृतांची नावे घेतली आणि हत्याकांड जेवढा वेळ चालले तेवढा वेळ भरेपर्यंत, गालांवरून अश्रू ओघळत असताना, माइकसमोर नि:शब्द उभे राहणे पत्करले. तुझ्या नायिकेला मी अजून एकदाही गप्प पाहिलेले नाही.

शिकागोचेही उदाहरण ध्यानात घे. जानेवारी २०१३ मध्ये पंधरा वर्षांची एक मुलगी मैत्रिणींसोबत बागेत पावसापासून आडोशाला उभी असताना गोळीला बळी पडली. तिच्या मित्रमैत्रिणींनी तिच्या आठवणीसाठी नारिंगी रंग निवडला, कारण जंगलात शिकारी एकमेकांच्या गोळीपासून वाचण्यासाठी तोच रंग घालतात. पुढे २०१५ पासून २ जून, म्हणजे तिचा वाढदिवस, अमेरिकेत नारिंगी कपडे घालून पाळला जाऊ लागला. चळवळ मैत्रीतून कशी उगवते, हे मला या एका रंगाइतके स्पष्ट कशातच दिसलेले नाही. तुझ्या कादंबरीतही अशी एखादी वस्तू हवी, आणि ती त्या दोघींच्या मैत्रीतलीच हवी. मैत्रीण गेल्यावरही नायिका तिला रात्री मेसेज करत राहते, हे तू एका ओळीत उरकले आहेस. तिथे थांब. त्या दोघींचे आदल्या दिवशी भांडण झाले होते, तेही नुसते सांगून पुढे जाऊ नकोस. न मिटलेले भांडण कुणाबरोबर मिटवायचे, हा प्रश्न तिला सभेतही छळला पाहिजे. मारेकऱ्याला मात्र नाव देऊ नकोस, त्याच्यावर एक पानही खर्च करू नकोस.

सर्वांत मोलाचा प्रसंग तुझ्या चौथ्या प्रकरणात दडला आहे. नायिका साताऱ्याच्या आजीला व्हिडिओ कॉलवर सांगते की आज शाळेत कवायत होती. गोळीबार झाला तर लपायचे कसे, याचा सराव म्हणून वर्गातले दिवे घालवून, दाराला आतून कडी लावून, मुले श्वास रोखून भिंतीलगत बसली होती, आजीच्या डोळ्यांपुढे मात्र पंधरा ऑगस्टचे मैदान आणि लेझीम उभी राहते, आणि ती कौतुकाने विचारते, "पहिल्या रांगेत होतीस ना गं?" यावर तुझ्या खर्ड्यात फोन कट होतो. तो होऊ देऊ नकोस. नायिका आजीला काय उत्तर देते, ते मला पुढच्या खर्ड्यात वाचायचे आहे.

तुझी,
बाई