फरशीखालचं कोमट पाणी : वाचकांचे प्रश्न

फरशीखाली पाइप टाकून, त्यांत गरम पाणी फिरवून घर ऊबदार ठेवतात, त्याबद्दल.

प्रश्न : रेडिएटरला (भिंतीवरच्या, खोली तापवणाऱ्या धातूच्या पॅनेलला) बॉयलरचं ७० अंशांचं पाणी जात होतं. आता फरशीखालच्या पाइपांनाही तेच दिलं, तर घर लवकर तापेल ना?

उत्तर : घर तापायच्या आधी फरशी तडकेल. रेडिएटर आकाराने लहान, म्हणून त्याला कडक पाणी लागतं. इथे अख्खी जमीनच रेडिएटर आहे. वावरायच्या जागी फरशीचा पृष्ठभाग २९ अंशांच्या वर जाऊ देत नाहीत, बाथरूममध्ये ३३ पर्यंत चालतं. तेवढ्यासाठी पाइपात ३५ ते ४५ अंशांचं, म्हणजे आंघोळीइतपत गरम पाणी पुरतं. ठोकताळा असा : फरशी हवेपेक्षा जितके अंश गरम, त्याच्या साधारण ११ पट वॅट दर चौरस मीटरला मिळतात. खोली २० वर आणि फरशी २९ वर धरली तर जेमतेम १०० वॅट हाती येतात. तेवढ्याने भागत नसेल तर पाणी तापवत बसू नका; छत आणि खिडक्यांच्या फटी बघा.

एकाच बॉयलरवर रेडिएटर आणि फरशी दोन्ही असतील, तर फरशीच्या वाटेवर मिक्सिंग व्हॉल्व्ह हवाच. तो परतीचं थंड पाणी मिसळून तापमान खाली आणतो. नुसत्या फरशीसाठी हीट पंप (बाहेरची उष्णता खेचून पाणी तापवणारं यंत्र) असेल तर बहुधा त्याची गरज पडत नाही. कोमट पाणी करणं हेच हीट पंपाचं हातखंडा काम.

प्रश्न : हॉल २१ चौरस मीटरचा आहे. कंत्राटदार म्हणतो, १४० मीटरचा एकच पाइप फिरवू, जोड कमी. ऐकावं का?

उत्तर : त्याचा हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष चूक. दोन पाइपांत १५ सेंमी अंतर ठेवलं की चौरस मीटरला ६.७ मीटर पाइप लागतो, म्हणजे १४० मीटर होतात खरे. पण १६ मिमीच्या पाइपात एक लूप, म्हणजे जाऊन परत येणारा एक सलग पाइप, १०० मीटरच्या आत ठेवतात. त्यापुढे पाण्याला रोध इतका वाढतो की पंप दमतो, आणि शेवटच्या फेऱ्यांपर्यंत पाणी पोचतं तेव्हा त्यात काही राम उरलेला नसतो. सत्तर-सत्तरचे दोन लूप करा. ‘जोड कमी’ हा मुद्दाही टिकत नाही, कारण जोड फक्त मॅनिफोल्डवर (सगळ्या लूपना पाणी वाटून देणाऱ्या नळांच्या जोडणीवर), डोळ्यांसमोर येतात. कोब्यात, म्हणजे पाइपांवर ओतायच्या थरात, एकही नको, पाइप अखंडच हवा. जमिनीला पक्क्या बसवलेल्या कपाटांखाली आणि कमोडखाली पाइप नेऊ नका.

प्रश्न : पाइप टाकून झाले, उद्या कोबा. त्याआधी काय तपासू? आणि हीटिंग कधी सुरू करू?

उत्तर : आधी चारही भिंतींच्या कडेने फोमची पट्टी लावली आहे का ते बघा. कोबा तापला की पसरतो, आणि त्याला जागा नसली तर तो भेगांनी करून घेतो. मग पाइपात पाणी भरून ४ ते ६ बार दाब द्या. कोबा ओततानाही दाब तसाच राहू द्या. फावड्याचा कोपरा पाइपात घुसला तर गेजचा काटा तिथल्या तिथे सांगतो. महिन्याभराने ओली भिंत सांगण्यापेक्षा ते बरं.

आणि फोटो काढा, जमिनीवर मेजर टेप पसरून. एका घरी दाराचा स्टॉपर बसवायला भोक पाडलं आणि ड्रिलबरोबर पाण्याची चिळकांडी उडाली. पाइप दारातून आत जातात हे सुताराला कोण सांगणार? मालकाकडे टेपसकट फोटो होता, म्हणून एकच फरशी काढून दुरुस्ती झाली.

सिमेंटच्या कोब्याला २१ दिवस हात लावू नका. नंतर पाणी २५ अंशांवर तीन दिवस, मग ठरलेल्या कमाल तापमानावर चार दिवस. ओला कोबा हीटिंग लावून वाळवायचा मोह प्रत्येकाला होतो. आवरा.

प्रश्न : वर लाकडी फ्लोअरिंग चालेल?

उत्तर : चालेल, पृष्ठभाग २७ अंशांच्या आत ठेवलात तर. भरीव फळ्यांपेक्षा थरांचं इंजिनिअर्ड लाकड बरं, कारण ते कमी आकसतं. जाड गालिचा मात्र पांघरुणासारखा. ऊब खालीच अडकते.

प्रश्न : सकाळी बाहेर पडताना बंद करतो, संध्याकाळी लावतो. घर गरम होईपर्यंत झोपायची वेळ होते.

उत्तर : होणारच. साडेसहा सेंमी जाडीचा कोबा चौरस मीटरला सुमारे १३० किलो भरतो. तो पाच अंशांनी तापवायला ६० वॅटच्या हिशेबाने तीन तास जातात, आणि तेही सगळी उष्णता त्यातच मुरली तर. बंद-चालूचा खेळ सोडा. रात्री किंवा बाहेर जाताना थर्मोस्टॅट दोन अंश खाली घ्या, आणि ऊब हवी त्याच्या काही तास आधी पुन्हा वर.

प्रश्न : सगळ्या खोल्या गरम, एकच गार. पाइप तुंबला का?

उत्तर : बहुधा हवा अडकली आहे. मॅनिफोल्डवर त्या लूपच्या फ्लोमीटरमधला (पाण्याचा प्रवाह दाखवणाऱ्या मापकातला) लाल दांडा बघा. शून्यावर असेल तर पंप बंद करून बाकीचे लूप मिटवा, एका बाजूने पाणी भरा आणि दुसऱ्या बाजूची नळी बादलीत सोडा. शंभर मीटरच्या लूपमध्ये सुमारे ११ लिटर पाणी मावतं, त्यामुळे अर्ध्या बादलीवर समाधान मानू नका. नळी खडखडत थुंकायची थांबून एकसंध धार लागेपर्यंत चालू ठेवा. त्यानंतर बाकीचे लूप उघडा आणि दाब पूर्ववत करा.

तरीही दांडा हलला नाही, तर वरचा अ‍ॅक्च्युएटर (थर्मोस्टॅटच्या इशाऱ्यावर लूप उघडणारी-मिटवणारी टोपी) फिरवून काढा. खाली एक बारीक पिन दिसेल. बोटाने दाबली की ती दोन-तीन मिमी आत जाऊन उसळून वर आली पाहिजे. उन्हाळाभर बंद राहून ती चिकटून बसते. पकडीने ओढू नका, पाण्याची पिचकारी उडेल. हलक्या हाताने आत-बाहेर करा, बहुतेक वेळा सुटते.