इम्प्लांट इन्फेक्शनचा चार्ट: टी८१ की टी८५?

ताई, अमेरिकेतल्या दवाखान्याच्या बिलासाठी कोड लावायचा तुमचा चार्ट दोनदा वाचला. उजव्या बाजूची मास्टेक्टॉमी (स्तन काढायचं ऑपरेशन) आधीच झालेली, कॅन्सरची ट्रीटमेंट संपलेली, ब्रेस्ट इम्प्लांट (कृत्रिम स्तन) बसवून तीन आठवडे झाले, मग लाली, ताप, पॉकेटमधून (इम्प्लांट बसवलेल्या पोकळीतून) पस, आणि सर्जननं ओटीत (ऑपरेशन थिएटरात) नेऊन इम्प्लांट काढून टाकलं. तुम्ही आजाराच्या आयसीडी-१० कोडांतले टी८१.४१एक्सए (ऑपरेशनच्या जखमेचं इन्फेक्शन) आणि झेड४५.८११ (उजवं इम्प्लांट काढायला किंवा बदलायला आलेली पेशंट) लावले, कोड तपासणाऱ्या ऑडिटरनं दोन्हीवर एरर मारली, आणि आता तुम्ही विचारायलात की ऑपरेशननंतरचंच इन्फेक्शन आहे ना, मग टी८१ कामून नाही?

ऑडिटरचं बरोबर आहे हो. त्यानं नुसतं 'इन्करेक्ट कोड' लिहून सोडून दिलं ते मात्र बरोबर नाही, नवीन माणसाला त्यातून काय कळणार.

टी८१.४ हा जखमेचा कोड आहे असं डोक्यात धरा. ऑक्टोबर २०१८ पासून तो इन्फेक्शन किती खोल आहे त्याप्रमाणं फोडलाय, ४१ म्हणजे वरवरचं टाक्यापाशी, ४२ खोल, ४३ अवयव किंवा पोकळी, ४४ म्हणजे सेप्सिस, इन्फेक्शन अंगभर भिनणं. पण आत बसवलेल्या वस्तूमुळं इन्फेक्शन झालं की कोड वस्तूच्या घरात जातो, तो टी८५.७९एक्सए. आपल्याकडं बोअरची मोटर जळाली तर कुणी 'शेतात बिघाड झाला' म्हणतंय का? मोटर जळाली असंच म्हणतो ना, तसंच हे. टाक्याची कातडीच लाल झालीय, इम्प्लांटला काही नाही आणि डॉक्टरनं तसं स्पष्ट लिहिलंय, असं असतं तर तुमचा टी८१.४१ चालला असता, पण तुमच्या नोटमध्ये पस पॉकेटमध्ये आहे आणि सर्जननं 'इन्फेक्टेड इम्प्लांट' असंच लिहिलंय.

यात नवीन लोक फसतात त्याचं एक कारण सांगतो. टी८५.४ मध्ये 'ब्रेस्ट' हा शब्द दिसतो, म्हणून सगळे तिथंच थांबतात. तिथं फक्त मेकॅनिकल भानगडी आहेत, ४१ तुटलं, ४२ सरकलं, ४३ गळतंय, ४४ कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर (इम्प्लांटभोवतीचं आवरण आवळणं). इन्फेक्शनचा टी८५.७९ 'अदर इंटर्नल प्रोस्थेटिक डिव्हाइस' अशा मोघम नावाखाली पडलाय, ब्रेस्टचं नावबी नाही त्यात, त्यामुळं सरळ टॅब्युलर (कोडांच्या क्रमानं लावलेली यादी) चाळत बसलं तर सापडत नाही. इंडेक्समधून (शब्दांच्या यादीतून) या, कॉम्प्लिकेशन, त्याखाली ब्रेस्ट इम्प्लांट, त्याखाली इन्फेक्शन. टिश्यू एक्स्पांडर (इम्प्लांटआधी कातडी ताणायला बसवलेली पिशवी) इन्फेक्ट झाला तरी हाच कोड. आणि यात डावं-उजवं नसतंय, बाजू प्रोसिजर कोडच्या मॉडिफायरनं (कोडामागं जोडायच्या छोट्या खुणेनं) सांगायची.

झेड४५.८११ कामून उडाला? तो कोड ठरवून इम्प्लांट काढायला किंवा साइज बदलायला आलेल्या पेशंटसाठी. तुमची पेशंट कॉम्प्लिकेशन घेऊन आली, म्हणजे कारण इन्फेक्शन आहे, काढणं हा इलाज झाला. तसंच झेड९८.८२, म्हणजे इम्प्लांट आहे असं सांगणारा स्टेटस कोड, तोबी टी८५ सोबत लावू नका, टी८५ मध्येच ते आलं. झेड९०.११ (उजवं स्तन काढलेलं) आणि झेड८५.३ (आधी ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलेला) मात्र लावा. कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असती तर झेड८५.३ ऐवजी सी५० (चालू ब्रेस्ट कॅन्सर) आला असता, हे ऑन्कोलॉजीची नोट बघितल्याशिवाय ठरवायचं नाही.

आता कोडाचं सातवं अक्षर, म्हणजे शेवटचा ए, कारण यात मी स्वतः तोंडावर पडलोय. २०१६ ला हैदराबादला नवीन होतो, तिथंच अमीरपेटला कोडिंगचा क्लास करून नुकताच लागलेलो, अमेरिकेत आयसीडी-१० लागू होऊन वर्षबी झालं नव्हतं. 'इनिशियल एन्काउंटर' वाचलं आणि वाटलं पहिली व्हिजिट, पेशंटचं ऑपरेशन तर आधीच झालंय, मग हे सबसिक्वेंट (नंतरची व्हिजिट), म्हणून सगळीकडं डी लावत सुटलो. आठवडाभराचे चार्ट परत आले आणि टीम लीडनं सगळ्या फ्लोअरसमोर वाचून दाखवले. ए म्हणजे पहिली भेट नव्हे, त्या कॉम्प्लिकेशनवर अ‍ॅक्टिव्ह ट्रीटमेंट चालू आहे, बस. इम्प्लांट कधी बसवलं त्याच्याशी संबंध नाही. गाइडलाइनमध्ये हेच उदाहरण कृत्रिम जॉइंटच्या इन्फेक्शनच्या टी८४.५०एक्सए चं दिलंय, प्रिंट काढून भिंतीला लावा.

अजून एक, हे लय महत्त्वाचं. लाली दिसली म्हणून आपण इन्फेक्शन लिहायचं नसतंय. अ‍ॅसेल्युलर डर्मल मॅट्रिक्स (इम्प्लांटला आधार द्यायला लावलेली, पेशी काढून टाकलेली कातडी) वापरलं असेल तर जंतू नसताना नुसती लाली येते, सर्जन लोक 'रेड ब्रेस्ट सिंड्रोम' म्हणतात. आणि ऑपरेशननंतर झालं म्हणजे ऑपरेशनमुळं झालं असं धरायचं नाही, डॉक्टरनं तो संबंध लिहायला पाहिजे. नसेल लिहिलं तर डॉक्टरला क्वेरी (लेखी प्रश्न) टाका, पण 'हे इम्प्लांट इन्फेक्शन आहे ना?' असं उत्तर तोंडात घालणारी नको, लक्षणं मांडा आणि पर्याय द्या. 'प्रॉबेबल इन्फेक्शन' असं लिहिलेलं असेल तर ओपीडीत कोड करता येत नाही, अ‍ॅडमिट पेशंटच्या डिस्चार्जला तसं लिहिलं असेल तर येतं. कल्चर रिपोर्टमध्ये एमआरएसए (नेहमीच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफ जंतू) दिसला तरी डॉक्टरच्या नोटमध्ये नसेल तर त्याचा कोड बी९५.६२ लावू नका. लॅबचा कागद बघून जंतू कोड करायलेत असे सीनियरबी मी बघितलेत.

वाय८३.१ (इम्प्लांट बसवायच्या ऑपरेशनमुळं त्रास झाला असं सांगणारा कोड) बद्दल विचारलंय तुम्ही, आम्ही लावत नाही, टी८५ मध्येच कारण येतंय.

प्रोसिजरला (ऑपरेशनचा वेगळा कोड) इम्प्लांट अखंड निघालं तर १९३२८, फुटलेलं निघालं तर १९३३०, तुमच्या ओपी नोटमध्ये 'इंटॅक्ट' शब्द आहे. सोबत आरटी (उजवी बाजू), आणि तोच सर्जन ९० दिवसांच्या ग्लोबलमध्ये (पुढची देखभाल पहिल्या ऑपरेशनच्या पैशातच धरलेला काळ) परत ओटीत गेला म्हणून ७८ हा मॉडिफायर. तो ७८ विसरलात तर क्लेम डिनाय होणार. ओटीत न नेता क्लिनिकमध्येच पस काढला असता तर मेडिकेअर (अमेरिकेचा सरकारी विमा) त्याचे वेगळे पैसे देत नाही.

म्हणजे पहिला टी८५.७९एक्सए, मग झेड९०.११, झेड८५.३. रिबटल (ऑडिटरच्या एररवर हरकत) टाकत बसू नका, ती एरर तशीच राहील. कल्चरबद्दल सर्जननं प्रोग्रेस नोटमध्ये एखादी ओळ लिहिलीय का तेवढं बघून सांगा, मग बी९५ चं ठरवू. परभणीत आज सारखी लाइट जायलीय, उत्तराला उशीर झाला तर समजून घ्या.