ज्युरीतून घरी कोण जातं?

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीत असतो. नागरिकत्व मिळाल्यावर यंदा त्याला ज्युरीसाठी कोर्टाचं पत्र आलं. तो म्हणतो, "आई, इथे बारा सामान्य माणसं एकमताने निकाल देतात, चूक व्हायला वावच नाही." मग निरपराध काळ्या माणसांनी वर्षानुवर्षं तुरुंगात काढल्याच्या बातम्या येतात, त्या कशा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, एकतीस वर्षं मी सोलापूरच्या सत्र न्यायालयात आरोपींची वकिली केली. आपल्याकडची ज्युरी केव्हाच गेली, त्यामुळे हे मलाही उशिराच उमगलं. मुलगा सांगतो ते खरं आहे, पण ते बारा जण बाकावर बसल्यानंतरचं. बाकावर बसतं कोण, हे आधी ठरतं.

पत्र आलेल्यांना न्यायाधीश किंवा दोन्ही वकील प्रश्न विचारतात, आणि बहुतेक राज्यांत वकील ठरावीक संख्येपर्यंत कुणालाही कारण न देता घरी पाठवू शकतात. वंश बघून असं करता येणार नाही, हे तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्ये बॅट्सन खटल्यात बजावलं. पण आक्षेप आला की सरकारी वकील दुसरं एखादं कारण पुढे करतो, आणि पुष्कळदा ते चालून जातं.

मिसिसिपीतल्या विनोना गावी १९९६ मध्ये फर्निचरच्या दुकानात चौघांचा खून झाला. तिथे थोडे दिवस काम केलेला काळा तरुण कर्टिस फ्लॉवर्स पकडला गेला. त्याच्यावर एकाच गुन्ह्यासाठी सहा वेळा खटला चालला आणि सहाही वेळा सरकारी वकील एकच, गोरा. पहिल्या तिन्ही शिक्षा वरच्या कोर्टाने रद्द केल्या. चौथ्या आणि पाचव्या वेळी ज्युरीचं एकमत झालं नाही. २०१० मध्ये सहाव्या ज्युरीने मृत्युदंड दिला. तिच्यात अकरा गोरे होते, एक काळा.

सहा खटल्यांत मिळून ४२ काळ्या उमेदवारांपैकी ४१ जणांना या वकिलाने वगळलं किंवा वगळण्याचा प्रयत्न केला. सहाव्या वेळी वगळलेल्या पाच काळ्या उमेदवारांना त्याने १४५ प्रश्न विचारले, आणि ज्युरीत बसलेल्या अकरा गोऱ्यांना मिळून १२. हा आकडा वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. माणसाला तीस-तीस प्रश्न विचारले की कुठेतरी बोलण्यात फट सापडतेच, हे कुठल्याही वकिलाला ठाऊक असतं. ज्याला एकच प्रश्न विचारला, त्याच्यात काय सापडणार?

पुरावाही ठिसूळ होता. फ्लॉवर्सने आपल्याजवळ कबुली दिली असं सांगणाऱ्या कैद्याने पुढे पत्रकारांना सांगितलं, ते खोटं होतं. पण शिक्षा रद्द झाली ती ज्युरी निवडताना वंश पाहिला गेला म्हणून: जून २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ अशा बहुमताने तसा निकाल दिला. डिसेंबरात तो जामिनावर बाहेर आला, २०२० मध्ये आरोप मागे घेतले गेले. तोवर जवळपास २३ वर्षं गेली होती.

मुलाला सांगा, रजा मिळत नाही म्हणून टाळू नकोस, जा. आणि निवड चालू असेल तेव्हा मोबाइल बाजूला ठेव, कुणाला किती प्रश्न विचारतात ते ऐक, आणि घरी कोण जातंय ते बघ.